आकाशातील कवायत आणि जमिनीवरील प्रेक्षक



या व्यासपीठावरून आजवर वेदान्त झाला, शेतीचे अर्थकारण झाले, संतवाङ्मय तर दरसाल होतेच. त्या मालिकेत 'जेट विमानांच्या सांघिक कसरती' हा विषय आम्ही कळविला, तेव्हा चिटणीसांनी आम्हांस एवढेच विचारले, की हा विषय पाहण्याचा आहे की ऐकण्याचा? प्रश्न रास्त होता. विषय पाहण्याचाच आहे, यात शंका नाही. परंतु सम कोठे येणार हे ज्याला ठाऊक असते, त्याची मान गाण्याच्या बैठकीत अचूक ठिकाणी हलते. तसेच पाहण्याचेही आहे. आधी थोडे ऐकलेले असले म्हणजे डोळ्यांनी काय शोधायचे ते कळते. आज आपण उघड्या पटांगणात बसलो आहोत, डोक्यावर आभाळ मोकळे आहे आणि सुदैवाने त्यात एकही विमान नाही. तेव्हा निवांतपणे बोलता येईल.

आपल्यापैकी काहींनी हा खेळ प्रत्यक्ष पाहिला असेल. १२ ते १४ जानेवारी २०२४ या तीन दिवसांत मुंबईस मरीन ड्राइव्हवर भारतीय हवाई दलाने कसरती केल्या, त्या गर्दीत आम्हीही उभे होतो. कठड्यावर तीळ ठेवायला जागा नव्हती. सूर्यकिरण पथकाची तांबडी-पांढरी विमाने समुद्राच्या बाजूने आली, तेव्हा आमच्या शेजारच्या एका गृहस्थांनी हातातला फोन वर धरला आणि शेवटपर्यंत त्यांनी आकाश पाहिले ते त्या तळहाताएवढ्या काचेतच. त्यांच्यासोबत सात-आठ वर्षांची मुलगी होती. तिने विचारले, "बाबा, आत बसलेल्या माणसांना हे चित्र दिसतं का?" गृहस्थ म्हणाले, "दिसत असणारच की!"

दिसत नाही, श्रोतेहो. आणि आजच्या व्याख्यानात आम्हांस जे सांगायचे आहे, त्याचा गाभा तोच आहे.

व्यूहात उडणारा वैमानिक समोर पाहत नाही. खाली समुद्र आहे की शहर, क्षितिज उभे आहे की आडवे, हे पाहण्यास त्याला सवड नसते. त्याची नजर पथकाच्या नायकाच्या विमानावर खिळलेली असते; तीही सबंध विमानावर नव्हे, तर त्यावरील ठरलेल्या दोन खुणांवर. एक खूण पंखाच्या टोकाशी असेल, दुसरी विमानाच्या अंगावर असेल. त्या दोन्ही एका रेषेत दिसल्या म्हणजे आपण आपल्या जागी आहोत, हे त्याने ओळखायचे. रेषा किंचित मोडली, की हात आपोआप हलला पाहिजे. भिंत बांधणारा गवंडी जसा ओळंब्याकडे पाहतो, घराकडे नव्हे, तसेच हे. फरक इतकाच, की येथे भिंत ताशी सहाशे किलोमीटरपर्यंतच्या वेगाने धावत असते आणि दोन विमानांच्या पंखांच्या टोकांमध्ये पाच मीटरांहूनही कमी अंतर असते. आपल्याकडच्या एखाद्या बोळाची रुंदीसुद्धा याहून जास्त भरेल.

खालून आपल्याला विमाने एकमेकांस खिळ्याने ठोकल्यासारखी स्थिर दिसतात. आत मात्र स्थिर असे काहीच नसते. उजवा हात दांड्यावर, डावा थ्रॉटलवर, आणि दोन्ही हातांची क्षणाक्षणाला बारीक चाळवाचाळव चाललेली. पुढच्या विमानाच्या झोताने ढवळलेल्या हवेत सापडू नये म्हणून मागच्याने त्याच्या किंचित खालून उडायचे असते. हे सर्व करणाऱ्या माणसाला आपण शंकरपाळ्याच्या एका कोपऱ्यात आहोत हे ठाऊक असते. शंकरपाळे कसे दिसते ते ठाऊक नसते. ते फक्त आपल्याला दिसते. रांगोळी काढणारी बाई आपली रांगोळी पाहत असते. येथे रांगोळीच्या प्रत्येक ठिपक्यात एकेक माणूस बसला आहे आणि त्याला शेजारच्या ठिपक्यापलीकडचे काही दिसत नाही.

नायकाचे काम सर्वांत धाडसाचे, अशी आपली समजूत असते. आमच्या मते ते सर्वांत संयमाचे आहे. त्याने आपल्या इंजिनाची पूर्ण ताकद कधीही वापरायची नाही. शाळेच्या कवायतीत रांग वळताना आतला मुलगा जागच्या जागी पाय आपटतो आणि कडेच्या मुलाला धावावे लागते, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. विमानांचेही तेच. वळणाच्या बाहेरच्या अंगास जो आहे त्याला मोठे वर्तुळ कापायचे असते, म्हणून अधिक वेग लागतो. नायकच जर सर्व जोर लावून उडाला, तर कडेच्या वैमानिकाजवळ वाढविण्यासाठी वेग उरणार नाही. म्हणून नायक स्वतःचे विमान हळुवार वळवितो, हळुवार उचलतो, आणि पुढे काय करणार ते आधी बोलून दाखवितो. हे बोलणेही ऐकण्यासारखे असते. ब्रिटिश पथकाच्या नायकाची आज्ञा आम्ही ध्वनिमुद्रणात ऐकली आहे. ती फौजी आज्ञेसारखी तुटक नसते. पालखीचे भोई जशी एकमेकांना साद देतात तशी ती लांबवलेली, लयीतली असते. शब्दाच्या कोणत्या अक्षराला हात हलवायचा हे सर्वांना पाठ असते.

आता पाहणाऱ्यासाठी थोडे व्यवहाराचे. ही कसरत आकाशभर केलेली दिसली तरी ती एका विशिष्ट बिंदूसाठी आखलेली असते. प्रेक्षकांच्या रांगेच्या मध्यावर तो बिंदू धरतात. तेथून उभे वर्तुळ गोल दिसते. दोन किलोमीटर बाजूला उभे राहिलात तर तेच वर्तुळ चेपलेले दिसेल, आणि मग पथकाला नावे ठेवाल. दुसरे, आवाजाच्या दिशेने पाहू नका. आवाज एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. एक किलोमीटरवरच्या विमानाचा आवाज आपल्यापर्यंत येण्यास तीन सेकंद लागतात आणि तेवढ्यात विमान निम्मा किलोमीटर पुढे गेलेले असते. तिसरे, विमानांकडे पाहण्याऐवजी विमानांमधल्या फटींकडे पाहा. विमान सुंदर असतेच, ते कारखान्यात घडले आहे. फट मात्र त्या क्षणी तेथे घडत असते.

विमानांच्या मागे जो धूर निघतो त्याविषयी लोक नेहमी विचारतात. तो इंजिनाचा धूर नव्हे. इंजिनातून निघणाऱ्या तप्त वायूत डिझेल सोडतात. त्याची वाफ होते आणि ती बाहेरच्या हवेत थंड होऊन पांढरी दिसते. त्यात रंग मिसळला म्हणजे रंगीत धूर निघतो. हा केवळ शोभेसाठी आहे असेही नाही. धुराचा पट्टा कोणीकडे वाहतो यावरून नायकाला वाऱ्याचा अंदाज येतो, आणि समोरासमोर येणाऱ्या दोन वैमानिकांना एकमेकांचा ठावठिकाणा लांबून कळतो. ती दोन विमाने आपल्या डोळ्यांपुढे एकमेकांच्या अंगातून आरपार गेल्यासारखी वाटतात आणि गर्दीतून 'अरे!' असा एकच उद्गार निघतो. वस्तुतः त्यांच्यामध्ये बरेच अंतर राखलेले असते. आपण एका बाजूने पाहतो म्हणून ते दिसत नाही. याला कोणी फसवणूक म्हणेल. आम्ही म्हणणार नाही. रंगभूमीवरचा पडदाही कापडाचाच असतो.

पण खरी गंमत अशी, की ही जोडी आपले डोळे गुंतवून ठेवीत असते त्या वेळी उरलेली विमाने दूर कोठेतरी पुन्हा एकत्र जमत असतात. थोड्या वेळापूर्वी ती फुलबाजीच्या ठिणग्यांसारखी दाही दिशांना उधळलेली होती. आता अगदी मोजक्या वेळात प्रत्येकाने वळून, नायकाला गाठून, आपल्या ठरलेल्या कोपऱ्यात हळूच शिरायचे असते. जाणकार प्रेक्षक त्या वेळी जोडीकडे पाठ फिरवितो आणि क्षितिजाकडे पाहतो. आम्हांला विचाराल तर सबंध कार्यक्रमातील सर्वांत पाहण्यासारखा भाग तोच.

इतिहास थोडक्यात सांगतो. जेट विमाने आल्यावर अनेक देशांच्या हवाई दलांत अशी पथके निघाली आणि काही काळ संख्येची चढाओढ लागली. १९५८ साली इंग्लंडमधील फार्नबरोच्या प्रदर्शनात ब्रिटिश हवाई दलाच्या १११ व्या स्क्वाड्रनने बावीस हंटर विमाने एकत्र उभ्या वर्तुळातून फिरविली. हा विक्रम होता. नंतर संख्येची हौस ओसरली. तेथील आजचे रेड ॲरोज पथक १९६५ च्या हंगामापासून लोकांपुढे आहे, आणि त्याची ओळख नऊ विमानांची आहे. त्या पथकाचा एक नियम आम्हांला फार आवडतो. तेथे राखीव वैमानिक नसतो. प्रत्येकाला आपली एकच जागा येते. एखादा आजारी पडला तर आठ विमाने उडतात. नायक आजारी पडला तर कार्यक्रमच होत नाही.

आपल्या देशात १९८२ साली, हवाई दलाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, 'थंडरबोल्ट्स' नावाचे नऊ हंटर विमानांचे पथक उभे राहिले. ते बंद पडल्यावर १९९६ मध्ये बिदर येथे 'सूर्यकिरण' स्थापन झाले. बिदर म्हणजे बहमनी राजांची राजधानी. आपल्या लातूर जिल्ह्याची शीव ओलांडली की ते येते. या पथकाची पहिली विमाने देशातच बनलेली 'किरण' जातीची होती, आणि किरण हे शिकाऊ वैमानिकांचे विमान. २०११ साली शिक्षणासाठी विमाने अपुरी पडू लागली, तेव्हा हवाई दलाने पथकच थांबविले आणि विमाने विद्यार्थ्यांकडे दिली. पुष्कळांना तेव्हा हळहळ वाटली. आम्हांलाही वाटली, तथापि मुलांच्या पाट्या काढून घेऊन वर्गाची आरास करू नये, हे ज्यांनी ओळखले त्यांचे आम्ही मनात कौतुकच केले. २०१५ मध्ये 'हॉक' विमाने घेऊन पथक पुन्हा उभे राहिले आणि २०१७ पर्यंत नऊची संख्या पुरी झाली. हॉक हेही शिक्षणाचेच विमान. अमेरिकनांची पथके मोठी लढाऊ विमाने वापरतात. त्यांचा गडगडाट छाती दणाणून सोडतो हे खरे, पण ती वळायला फार आभाळ घेतात. लहान विमान आपल्या डोळ्यांपुढून हलत नाही. आमची पसंती लहान विमानाला.

आता ज्या भागाविषयी बोलणे कठीण आहे, पण टाळणे बरोबर नाही, तिकडे वळतो.

नायकावर नजर ठेवायची आणि दुसरीकडे पाहायचे नाही, असे आम्ही सांगितले. याचा अर्थ काय होतो ते १८ जानेवारी १९८२ रोजी अमेरिकेतील नेवाडा राज्यात दिसले. तेथील 'थंडरबर्ड्स' पथकाची चार विमाने शेजारी शेजारी, एका रांगेत, उभ्या वर्तुळाची तालीम करीत होती. शेजारी उडणे हे मागे उडण्याहून अवघड असते, कारण मान पूर्ण बाजूला वळवून पाहावे लागते आणि आपण पुढे आहोत की मागे याचा अंदाज सहज येत नाही. वर्तुळाच्या शेवटी नायकाचे विमान वर उचलले गेलेच नाही. त्याच्या नियंत्रणयंत्रणेत बिघाड झाला होता, असे चौकशीत ठरले. उरलेल्या तिघांची विमाने धडधाकट होती. पण तिघांच्याही नजरा नायकावर होत्या. चारही विमाने एकापाठोपाठ एक, जवळ जवळ एकाच क्षणी, वाळवंटात कोसळली आणि चौघेही गेले.

त्या तिघांनी वर का काढले नाही, असे विचारणारे पुष्कळ भेटतात. आम्हांला तो प्रश्न विचारवत नाही. जी सवय त्यांच्या अंगी बाणविण्यासाठी महिनोन्महिने मेहनत घेतली गेली होती, तिनेच त्यांना खाली नेले. नऊ विमाने एका विमानासारखी दिसतात तेव्हा आपण ज्याला दाद देतो, ती हीच सवय. दोन्ही गोष्टी एकाच मुळाच्या आहेत, आणि टाळी वाजविणाऱ्याला हे ठाऊक असावे असे आम्हांला वाटते.

आपल्याकडे १९ फेब्रुवारी २०१९ रोजी, बंगळूरजवळ येलहंका येथे, एरो इंडिया प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी तालमीत सूर्यकिरणची दोन हॉक विमाने एकमेकांवर आदळली. दोन वैमानिक खुर्चीसह बाहेर फेकले जाऊन वाचले; विंग कमांडर साहिल गांधी वाचले नाहीत. हे दोन्ही अपघात तालमीत झाले, हे ध्यानात घ्या. धोका प्रेक्षकांच्या टाळ्यांमुळे निर्माण होतो, ही समजूत अर्धीच खरी आहे. ज्या ठिकाणी आपले काळीज धडधडते त्याच ठिकाणी धोका असतो असेही नाही. २०११ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमध्ये बोर्नमथ येथे रेड ॲरोजचा कार्यक्रम सुखरूप संपला, विमाने उतरण्यासाठी परतली, आणि उतरण्यापूर्वीच्या नेहमीच्या झटक्याच्या वळणात एक वैमानिक गेला. अशा वळणात शरीराचे वजन कित्येक पटींनी वाढल्यासारखे होते, रक्त मस्तकाकडून पायांकडे ओढले जाते आणि माणसाचे भान क्षणभर हरपू शकते. येथेही तसेच झाले, असा निष्कर्ष निघाला.

प्रेक्षकांचा वाटा मात्र दुसऱ्या ठिकाणी आहे. २८ ऑगस्ट १९८८ रोजी पश्चिम जर्मनीतील रामश्टाइन येथे इटलीच्या 'फ्रेच्चे त्रिकोलोरी' पथकाने बदामाचा आकार काढला. विमानांच्या दोन तुकड्यांनी धुराने बदाम रेखायचा आणि एकट्या विमानाने बाणासारखे, प्रेक्षकांच्या दिशेने, त्यातून निघायचे, अशी योजना होती. ते विमान इतरांवर आदळले आणि जळत गर्दीत येऊन पडले. तीन वैमानिक आणि जमिनीवरची सदुसष्ट माणसे, अशी सत्तर माणसे दगावली. यापूर्वी १९५२ साली फार्नबरोस एक विमान हवेत फुटले होते, तेव्हा दोन उडणारे आणि एकोणतीस प्रेक्षक मेले होते. अशा अपघातांनंतर देशोदेशी नियम कडक झाले. विमानांनी प्रेक्षकांपासून ठराविक अंतर राखायचे, गर्दीकडे तोंड करून कसरत करायची नाही, असे बंधन आले.

यावर, 'पूर्वीची मजा आता राहिली नाही' असे म्हणणारे लोक आम्ही पाहिले आहेत. दहीहंडीच्या खाली उभे राहून 'आणखी एक थर!' म्हणून ओरडणाऱ्यांच्या जातीचेच ते. थरातल्या तळाच्या गड्याला वरचा थर दिसत नाही. ओरडणाऱ्याला सगळे थर दिसत असतात, तरी तो ओरडतो. आमचे म्हणणे असे, की अंतर वाढल्याने पाहणाऱ्याचे नुकसान झालेलेच नाही. डोक्यावरून गेलेल्या विमानाचे पोट तेवढे दिसते आणि कानठळ्या बसतात. आकृती दिसण्यास लांबूनच पाहावे लागते.

जमिनीवरच्या व्यवस्थेचेही बोलले पाहिजे. ६ ऑक्टोबर २०२४ रोजी चेन्नईत मरीना किनाऱ्यावर हवाई दलाच्या वर्धापनदिनानिमित्त कसरती झाल्या. पंधरा लाखांपर्यंत लोक आले असे सांगतात. आकाशात सर्व काही ठरल्याप्रमाणे पार पडले. खाली उन्हाने, तहानेने आणि परतीच्या गर्दीने पाच माणसे गेली. वरच्या व्यूहात कोणी कोठे असावे हे हातभर अंतराने ठरलेले, आणि खालच्या लाखो माणसांनी घरी कोणत्या वाटेने जावे, पाणी कोठे प्यावे, हे सुटसुटीत ठरलेले नाही, ही विसंगती आम्हांला त्या सत्तर मृत्यूंइतकीच अस्वस्थ करते. म्हणून आपल्यापैकी जे जातील त्यांना सांगणे, की पाण्याची बाटली आणि टोपी बरोबर घ्या, लहान मुलांना आणि वृद्धांना गर्दीच्या पोटात नेऊ नका, आणि कार्यक्रम संपताच सर्वांबरोबर उठू नका. अर्धा तास बसून राहा. धूर विरतो कसा तेही पाहण्यासारखे असते.

एक आक्षेप राहिला. हा सरकारी खर्च कशासाठी, आणि युद्धाच्या तयारीला उत्सवाचे रूप का द्यावे? आक्षेप खोटा नाही. तरुणांना आपल्याकडे ओढावे हा हवाई दलांचा उद्देश असतो आणि ती तो लपवीत नाहीत. ज्याला हे मान्य नसेल त्याने खुशाल घरी बसावे. परंतु जो जातो त्याने शौर्य पाहण्याच्या अपेक्षेने जाऊ नये, असे आम्हांस वाटते. शौर्य तेथे असले तरी दिसण्यासारखे नसते. नऊ माणसांनी आपापली लहर बाजूला ठेवली म्हणजे काय होते, ते तेथे दिसते. आणि आमच्या अनुभवात ते कमिटीच्या बैठकीतही सहसा पाहायला मिळत नाही.

कसरत संपते, विमाने उतरतात, गर्दी पांगते. त्यानंतर सर्व वैमानिक एका खोलीत बसतात. त्यांच्यापैकीच कोणीतरी जमिनीवरून, प्रेक्षकांच्या बाजूने, सबंध उड्डाणाचे चित्रण केलेले असते. ते पडद्यावर लावतात, थांबवितात, मागे नेतात, पुन्हा पाहतात. या खोलीत हुद्दा बाजूला ठेवण्याची रीत आहे. नायकाचे वळण वाकडे गेले असेल तर तेही निघते. आपण ज्या आकृतीला टाळ्या दिल्या ती त्यांना येथे पहिल्यांदा दिसते. येथे टाळी वाजत नाही. डावीकडचे चौथे विमान किती खाली होते, आणि ते का, एवढेच बोलणे चालते. ते संपले की दुसऱ्या दिवशीच्या हवामानाचा कागद पुढे येतो.